पाच पिनांचा जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन : डावा कान मंद, बायस ३९५ व्होल्ट. दोष कुठे शोधावा?

ठाणेकर श्रोता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत टोकियोहून सुटीवर आलेल्या एका मित्राने माझ्यासाठी पाच पिनांचा, ५८० व्होल्ट बायसवर (पडद्याला सतत दिलेल्या स्थिर डीसी व्होल्टेजवर) चालणारा एक जुना इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्याचा ट्यूबवाला अ‍ॅम्प्लिफायर आणला. दोन्ही वस्तू १९८०च्या दशकाच्या अखेरीच्या आहेत. तानपुऱ्याची जवारी इतकी सुटी, तारेगणिक वेगळी मी त्यापूर्वी कोणत्याही हेडफोनवर ऐकली नव्हती, त्यामुळे पहिले सात महिने आनंदात गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून मात्र डावी बाजू हळूहळू मंद होत गेली. आधी मला वाटले की माझाच कान बसला आहे, म्हणून हेडफोन उलटा घालून पाहिला. मंदपणा दुसऱ्या कानाकडे गेला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

फोनच्या मायक्रोफोनने घेतलेल्या ढोबळ मापानुसार डावी बाजू उजवीपेक्षा सुमारे ५ डेसिबल खाली आहे. सीडी प्लेयरच्या केबलींची अदलाबदल केली तरी मंद राहते ती हेडफोनची डावीच बाजू. काल धीर करून अ‍ॅम्प्लिफायरच्या सॉकेटमधील बायसच्या पिनवर डिजिटल मल्टिमीटर लावला, तर ५८० ऐवजी ३९५ व्होल्ट दिसले. म्हणजे बायसचा पुरवठा अर्धमेला झाला आहे, असे मी समजतो आहे. त्यातील कपॅसिटर आणि डायोड बदलावेत, की हेडफोनचा पडदाच गेला आहे? अ‍ॅम्प्लिफायर जपानी बाजारासाठीचा, १०० व्होल्टचा आहे आणि तो मी २३० ते ११० व्होल्टच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो, हेही सांगून ठेवतो.

पडदानशीन

उत्तर देण्याआधी एक विनंती आहे. पुढचे प्रतिसाद येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरचे झाकण उघडू नका. बायसची आपल्याला उगाच भीती वाटते, कारण त्याचा आकडा मोठा असतो. प्रत्यक्षात हेडफोनची धारिता १०० पिकोफॅरडच्या आसपास असते आणि ५८० व्होल्टला तिच्यात साठणारी ऊर्जा सुमारे १७ मायक्रोज्यूल, म्हणजे नगण्य असते. खरा धोका अ‍ॅम्प्लिफायरच्या पुरवठ्यातील फिल्टर कपॅसिटरांचा आहे. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३५० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात ६ ज्यूल असतात आणि वीज बंद केल्यावरही ते बराच वेळ तिथेच बसून राहतात. १० किलोओहमचा, ५ किंवा १० वॉटचा रेझिस्टर नीट आवरण असलेल्या तारांना जोडून त्याने प्रत्येक कपॅसिटर रिकामा करायचा, पाच-दहा सेकंद धरायचा, मग मीटरने खात्री करायची आणि त्यानंतरच हात घालायचा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची आपल्याकडची जुनी पद्धत कृपया इथे वापरू नये.

शंकासुर

मला एक साधी शंका आहे. बायसची पिन दोन्ही कानांसाठी एकच असते ना? मग बायस कमी झाला तर दोन्ही बाजू सारख्याच मंद व्हायला हव्यात. एकटी डावी कशी होईल?

ओहमकार

शंकासुर यांनी नेमके बोट ठेवले आहे. बायस दोन्ही पडद्यांना एकाच पिनमधून जातो, त्यामुळे धागाकर्त्यांची तक्रार आणि त्यांचे ३९५ व्होल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली दुसरी तर बहुधा गोष्टच नाही.

बायसचा पुरवठा आणि सॉकेटची पिन यांच्यामध्ये मुद्दाम एक मोठा रेझिस्टर ठेवलेला असतो. तो बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ४.७ मेगाओहमच्या आसपास असतो. त्याची दोन कामे असतात : चुकून हात लागला तर प्रवाह अत्यल्प राहावा, आणि पडद्यावरचा विद्युतभार संगीताच्या गतीने आत-बाहेर होऊ नये. हा भार स्थिर राहतो म्हणूनच पडद्यावरचे बल सिग्नलच्या व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात राहते आणि या हेडफोनांचे विकृतीचे प्रमाण इतके कमी असते. आता तुमच्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम आहे. मीटर लावला की ४.७ आणि १० यांची विभागणी होते. ५८० गुणिले १०, भागिले १४.७ केले की ३९४.६ येतात. तुम्हाला ३९५ दिसले. म्हणजे बायसची तब्येत उत्तम असावी आणि कमी पडतो आहे तो मीटर.

इथे माझा मात्र ४.७ वर भरवसा टाकलेला आहे. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वेगळा रेझिस्टर असेल तर हे गणित कोसळेल. वेगळ्या अंतर्गत रोधाचा दुसरा मीटर मिळाला तर रेझिस्टर किती आहे हे माहीत नसतानाही खरा बायस काढता येतो. जुन्या काट्याच्या मीटरवर ‘२० किलोओहम प्रति व्होल्ट’ असे छापलेले असते, त्याचा १००० व्होल्टच्या पट्ट्यावरचा रोध २० मेगाओहम होतो. तसा कुणाकडे आहे का पाहा.

तापकीर गल्ली

काट्याचा मीटर जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही काकांकडे मिळेल. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत चक्कर मारा, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. नवीन घ्यायचा झाल्यास त्याचे प्रोब १००० व्होल्टचे आहेत याची खात्री करा, कारण स्वस्तातील मीटरांवर आकडा १००० छापलेला असतो आणि तारा मात्र खेळण्यातल्या असतात.

दुसरा मुद्दा मला अधिक काळजीचा वाटतो, तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा. २३० ते ११० चा ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टच्या उपकरणाला लावला की तिथेच १० टक्के जास्त होतात. त्यात तुमच्या घरी २३० च्या जागी २४५ व्होल्ट असतील, आणि रात्री उशिरा अनेक ठिकाणी असतात, तर पलीकडे ११७ निघतात. ट्यूबचे हीटर ६.३ व्होल्टचे असतात, ते ७.४ व्होल्टवर तापत असतील. ट्यूबचे आयुष्य त्यात खर्च होते. २३० ते १०० चा, दोन वेगळी वाइंडिंग असलेला १५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर ऑर्डरप्रमाणे वाइंड करून देणारे लोक पुण्या-मुंबईत आजही आहेत. ऑटोट्रान्सफॉर्मर टाळावा.

खट्याळ खटका

सहा पिनांच्या जुन्या जातीच्या हेडफोनांना २३० व्होल्ट बायस लागतो, असे वाचले आहे. आपल्या घरात २३० व्होल्ट भिंतीतच आहेत. मग अ‍ॅम्प्लिफायरवर एवढा खर्च कशाला करायचा?

पडदानशीन

खटका यांनी हे गमतीने लिहिले आहे हे मला कळते, पण धागा उद्या कुणी नवखा वाचेल म्हणून स्पष्ट लिहितो. भिंतीतला पुरवठा एसी आहे आणि त्याच्या मागे आख्खे वीजमंडळ उभे आहे. बायस डीसी असतो आणि त्याच्या मागे जेमतेम शंभर-सव्वाशे मायक्रोअँपिअर असतात. हेडफोन डोक्यावर असतो, हे विसरू नये.

सैतामावासी

मी गेली अकरा वर्षे जपानमध्ये सैतामा प्रांतात राहतो. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बनवणाऱ्या स्टॅक्स कंपनीचे ठिकाण याच प्रांतात आहे, त्यामुळे या विषयाशी माझे थोडे शेजारधर्माचे नाते आहे. कंपनीची मुळे १९३८ पर्यंत जातात. १९६० मध्ये विक्रीला आलेला एसआर-१ हा बाजारात आलेला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन मानला जातो. ते लोक हेडफोनला हेडफोन म्हणत नाहीत, ‘इअरस्पीकर’ म्हणतात, आणि अ‍ॅम्प्लिफायरला ‘ड्रायव्हर’. १९७९ मध्ये चौकोनी ‘लॅम्डा’ आला आणि १९८२ च्या ‘लॅम्डा प्रो’पासून ५८० व्होल्टचा पाच पिनांचा प्रकार रुळला. त्याआधीच्या २३० व्होल्टच्या प्रकाराला ‘नॉर्मल’ म्हणतात. २०११ साली चीनच्या एडिफायरने कंपनी विकत घेतली, तरी जुनी घडण पुष्कळशी टिकून आहे.

पिनांविषयी एक सांगण्यासारखे आहे. नॉर्मलचा सहा पिनांचा प्लग प्रोच्या सॉकेटमध्ये जात नाही, कारण सहाव्या पिनेला तिथे भोकच नसते. पडदा आणि जाळी (पडद्याच्या दोन्ही बाजूंची, सिग्नल मिळणारी छिद्रांची पत्री) यांच्यातील अंतर नॉर्मलमध्ये ०.३ मिलिमीटर आणि प्रोमध्ये ०.५ मिलिमीटर असते, त्यामुळे ०.३ च्या फटीत ५८० व्होल्ट जाऊ नयेत म्हणून ही योजना केलेली आहे. उलट प्रोचा प्लग नॉर्मलच्या सॉकेटमध्ये बसतो. इजा काही होत नाही, आवाज मात्र ८ डेसिबलने कमी येतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जपानमध्येही जून-जुलैत ‘त्सुयु’ म्हणजे पावसाळी हवा असते आणि याच दिवसांत ‘एक बाजू मंद झाली’ अशा तक्रारी येथील हौशी मंडळींकडून ऐकू येतात. तुमची तक्रार जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली, ही तारीख मला ३९५ पेक्षा बोलकी वाटते.

कोकणी ओलावा

सैतामावासी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मी रत्नागिरीत राहतो, आमच्याकडे पावसाळ्यात पापड, पुस्तके आणि कॅमेऱ्याच्या लेन्स यांची जी गत होते तीच या पडद्यांची होते.

कारण समजून घ्यायचे तर पडद्याकडे पाहावे लागेल. तो पीईटी या प्लास्टिकचा, १ ते २ मायक्रॉन जाडीचा असतो आणि त्यावर अत्यंत जास्त रोधाचा लेप असतो. त्या लेपावर बायसचा भार पसरतो. कडेच्या चकतीवर धूळ आणि ओल मिळून एक अदृश्य वाट तयार झाली की भार तिथून जाळीकडे झिरपतो. गळती नॅनोअँपिअरमध्ये असली तरी लेपाचा रोध गिगाओहममध्ये असल्याने पडद्याच्या मधल्या भागावर पोचणारे व्होल्टेज बरेच घसरते आणि ती बाजू मंद होते. पुरवठा दोघांना सारखाच असतो, फक्त एका घराच्या टाकीला भोक पडलेले असते.

माझा उपाय घरगुती आहे. हवाबंद झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा, त्यात अर्धा किलो सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक आणि हेडफोन. आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर आली की तिथे ठेवून द्यायचे आणि चार दिवस झाकण उघडायचे नाही. हेअर ड्रायर वापरू नये. मी एकदा उतावीळपणे वापरला आणि गरम वाऱ्याने सैल पडलेल्या पडद्याचे पुढे काय झाले ते सांगवत नाही.

निर्वात

घरगुती उपायाला माझा विरोध नाही, पण क्रम चुकतो आहे. दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे की हेडफोनमध्ये, हे अजून कुणीच सिद्ध केलेले नाही. केबलींची अदलाबदल केल्याने फक्त सीडी प्लेयर निर्दोष ठरला. दुसरा पाच पिनांचा हेडफोन हाताशी असता तर प्रश्न मिनिटात सुटला असता. तो नसेल तर ४०० हर्ट्झचा स्थिर स्वर दोन्ही चॅनेलना सारखा द्यावा आणि सॉकेटवर प्रत्येक चॅनेलच्या धन व ऋण पिनांमधील एसी व्होल्टेज मोजावे. ६० व्होल्टच्या आसपास पुरेत. इथे मीटरच्या रोधाची भानगड येत नाही, कारण सिग्नलच्या वाटेत मेगाओहमचा रेझिस्टर नसतो.

त्याच वेळी डीसीही तपासावा. अ‍ॅम्प्लिफायर अर्धा तास तापल्यावर, सिग्नल नसताना, प्रत्येक चॅनेलच्या दोन पिनांमधील डीसी आणि प्रत्येक पिनेचा जमिनीशी असलेला डीसी शून्याच्या जवळ हवा. थंड असताना तो बराच भटकतो, त्यामुळे सुरू केल्याबरोबर मोजून घाबरू नये. आतील छोट्या प्रीसेटने (फिरवून जुळवायच्या रेझिस्टरने) तो जुळवता येतो, पण जिवंत अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काम करताना एक हात खिशात ठेवायचा, हा नियम पाळावा.

न्यू जर्सीचा नाना

माझा अनुभव वेगळ्या घराण्याचा आहे. माझ्याकडे कॉस या अमेरिकन कंपनीचा ईएसपी/९५० आहे, जो १९९० मध्ये बाजारात आला आणि ज्याचा बायस ६०० व्होल्ट आहे. आमच्या कुत्र्याने त्याची केबल चावली, हेडफोन परत पाठवला आणि आजीवन हमीमध्ये तो दुरुस्त होऊन आला. दुसऱ्यांदा केबल चावली तेव्हा मला परत पाठवायची लाज वाटली, म्हणून मीच पाच पिनांचा प्लग जोडून तो स्टॅक्सच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर लावला. ६०० आणि ५८० मधला फरक ०.३ डेसिबलचा, तो कुणालाही ऐकू येत नाही. अमेरिकेत हा बदल खूप लोक करतात. अ‍ॅम्प्लिफायर बदलल्यावर आवाजात जो जोम आला तो पाहता कुत्र्याचे उपकारच मानायला हवेत.

मंद्रसप्तक

जोम आला की आवाज मोठा झाला? नानांवर राग नाही, पण अ‍ॅम्प्लिफायरांच्या तुलनेत नव्वद टक्के वाद इथेच सुटतात. दोन अ‍ॅम्प्लिफायरांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये एक टक्क्याच्या जरा वर, जुळवल्याशिवाय केलेली तुलना मी वाचायची सोडून दिली आहे. जास्त मोठा आवाज नेहमीच जास्त ‘जिवंत’ वाटतो.

मी स्वतः स्टॅक्सचे एसआर-००७ आणि एसआर-एल७०० हे दोन्ही हेडफोन एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर पातळी जुळवून महिनाभर ऐकले. एल७०० मध्ये तबल्याची चाट, सतारीचा नखीचा आघात, सारंगीचा घासलेला गज पुढे येतो. ००७ मागे सरकून बसतो, पण डग्ग्याची घसीट त्यात जी गोल आणि सलग येते ती मला इतरत्र सापडली नाही. मात्र त्याचा पॅड कानामागे नीट टेकायला हवा. केसांची एक बट मध्ये आली तरी खर्ज निघून जातो आणि माणूस अ‍ॅम्प्लिफायरला दोष देत बसतो. ००७ च्या मार्क-२ मध्ये पॅडच्या आतील बाजूला एक छोटे छिद्र आहे, ते ब्लू-टॅकने (चिकट पुट्टीने) बंद केले की खर्ज अधिक घट्ट होतो. हा बदल करायला पाच मिनिटे लागतात आणि उलटवायलाही तेवढीच, म्हणून मला तो सर्व बदलांमध्ये सर्वांत सभ्य वाटतो.

निर्वात

पातळी जुळवण्याच्या आग्रहाशी सहमत आहे, पण त्यातून ‘सर्व अ‍ॅम्प्लिफायर सारखेच’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरला शुद्ध कपॅसिटर म्हणून दिसतो. १०० पिकोफॅरडचा रोध १० किलोहर्ट्झला सुमारे १६० किलोओहम आणि २० किलोहर्ट्झला ८० किलोओहम होतो. २० किलोहर्ट्झला ४०० व्होल्ट पोचवायचे तर ५ मिलिअँपिअर लागतात. जुन्या ट्यूबवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुट ट्यूबच्या प्लेटला रेझिस्टर असतात. ट्यूब जो प्रवाह देते त्यातला मोठा हिस्सा हे रेझिस्टरच खातात आणि हेडफोनच्या वाट्याला उरलेसुरले येते. म्हणून त्या रेझिस्टरांच्या जागी स्थिर प्रवाहाचे सर्किट बसवण्याचा बदल प्रसिद्ध आहे. ट्यूब त्याच, ट्रान्सफॉर्मर तोच, उष्णताही जवळपास तेवढीच, पण वरच्या पट्टीत मोठ्या आवाजाला जो कर्कशपणा येतो तो जातो. मी माझ्या ६एफक्यू७ ट्यूबवाल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा बदल केला आहे. पाठीमागे ऑसिलोस्कोपवर तरंगाचे माथे आधी कुठे कापले जात होते आणि नंतर कुठे, ते पाहिलेले आहे, त्यामुळे ‘मनाचे खेळ’ हा आरोप मी मान्य करणार नाही.

ज्यांना मुळापासून बांधायचे आहे त्यांच्यासाठी केव्हिन गिलमोर यांनी प्रसिद्ध केलेले अ‍ॅम्प्लिफायरचे आराखडे आहेत. त्यातील केजीएसएस पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे आणि ‘ब्लू हवाई’मध्ये आउटपुटला चार ईएल३४ ट्यूब आहेत.

शंकासुर

मी सहसा कमी आवाजात, रात्री, ख्याल ऐकतो. त्यात ४०० व्होल्ट कुठून येणार?

निर्वात

येणार नाहीत. १०० व्होल्टला या हेडफोनांची पातळी १०० डेसिबलच्या आसपास जाते, त्यामुळे तुमच्यासारख्या श्रोत्याला जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे तसाच पुरेल. हे मी आधीच लिहायला हवे होते.

ठाणेकर श्रोता

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांच्या माळ्यावर १९७०च्या दशकातला काट्याचा मीटर निघाला, त्यावर २० किलोओहम प्रति व्होल्ट असेच छापलेले आहे. त्याने बायस ४७० व्होल्ट दाखवला. म्हणजे एकाच पिनवर एक मीटर ३९५ म्हणतो आणि दुसरा ४७०. सासरे म्हणाले, ‘‘जुन्या माणसांचं ऐकावं.’’ ओहमकार, आता गणित तुम्हीच करा.

निर्वात यांनी सांगितलेली चाचणीही केली. ४०० हर्ट्झला उजव्या चॅनेलवर ६२.३ व्होल्ट आणि डाव्यावर ६१.८ व्होल्ट मिळाले. अर्ध्या तासाने डीसी चारही पिनांवर ६ व्होल्टच्या आत होता. घरातला पुरवठा २४३ व्होल्ट आहे आणि स्टेप-डाउनमधून ११६ निघतात, तापकीर गल्ली यांचा अंदाज दुर्दैवाने खरा ठरला. हेडफोन कालपासून डब्यात आहे.

ओहमकार

अज्ञात दोन आहेत, खरा बायस आणि रेझिस्टर, आणि मापे दोन आहेत. रेझिस्टर मेगाओहममध्ये ‘र’ धरला तर खरा बायस एकीकडे ३९५ गुणिले (१ + र/१०) आणि दुसरीकडे ४७० गुणिले (१ + र/२०) आहे. दोन्ही समान ठेवली की १६ र = ७५, म्हणजे र ४.६९ मेगाओहम आणि बायस ५८० व्होल्ट. रेझिस्टर न पाहता तो ४.७ चा निघाला. काट्याच्या मीटरची अचूकता लक्षात घेता दहा-पंधरा व्होल्ट इकडेतिकडे धरा, पण बायसच्या पुरवठ्याला हात लावण्याचे कारण उरलेले नाही.

यातून आणखी एक गोष्ट कळते. १०० च्या जागी ११६ व्होल्ट मिळत असताना बायस वाढून ६७० च्या घरात जायला हवा होता, तो ५८० वरच आहे. म्हणजे तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो स्थिर केलेला आहे. ज्यांचा तसा नाही त्यांनी चुकीचा ट्रान्सफॉर्मर लावू नये. हीटर मात्र तुमच्याकडेही स्थिर नसतील.

६२.३ आणि ६१.८ मधला फरक ०.०७ डेसिबलचा आहे. अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष सुटला.

निर्वात

मग आता हेडफोन. डब्याने फरक पडला नाही तर पडदा नव्याने ताणण्याचा मार्ग आहे, मी तो दोनदा केला आहे. पहिल्या वेळी ६ मायक्रॉनची फिल्म वापरली. वजनाने ती चौरस मीटरला ८ ग्रॅमच्या वर भरते, मूळची दीड मायक्रॉनची २ ग्रॅम भरते आणि एक सेंटिमीटर हवेचा थर १२ ग्रॅम भरतो. म्हणजे मूळ पडदा हवेच्या तुलनेत जवळजवळ नाहीच, माझा मात्र होता, आणि तो ऐकूही येत होता. दुसऱ्या वेळी ताण कमी पडला आणि बायस देताच पडदा जाळीला जाऊन चिकटला. तिसऱ्या वेळेसाठी साहित्य आणून ठेवले आहे. इच्छा असल्यास तुमच्या डाव्या बाजूवर प्रयोग करायला मी तयार आहे.

पडदानशीन

निर्वात यांच्या विद्वत्तेबद्दल आदर राखून सांगतो, ज्यांच्या दोन पडद्यांपैकी दोन्ही बिघडले आहेत त्यांच्याकडे तिसरा देऊ नये. चाळीस वर्षांचा, मूळ ताण राखलेला पडदा मंद असला तरी तो मोडलेला नाही. त्याला उघडले की धूळ आत जाते, आणि एक केस जरी जाळीत अडकला तरी आयुष्यभर खरखर ऐकावी लागते. आधी वाट पाहा.

एक सूचना आहे. जुन्या पॅडमागचा स्पंज चुरा होऊन पडत असेल तर तो लगेच काढून टाका. जाळीपुढे धूळरोधक पातळ फिल्म असते, पण ती फाटलेली असल्यास तो चुरा सरळ आत जातो. ओल धरणाऱ्या अशा चुऱ्यातूनच कोकणी ओलावा यांनी सांगितलेली गळतीची वाट तयार होते.

ठाणेकर श्रोता

सहा दिवसांनंतरचा वृत्तान्त देतो. डब्यातील आर्द्रता पहिल्या दिवशी ७१ टक्के होती, ती तिसऱ्या दिवशी ३८ वर आली. पाचव्या दिवशी हेडफोन बाहेर काढून रात्रभर बायसवर, पण संगीताशिवाय ठेवला. आज सकाळी त्याच फोनने, त्याच जागी मोजले तर फरक ५ डेसिबलवरून साधारण १ डेसिबलवर आला आहे. तानपुरा पुन्हा मधोमध बसला आहे. पॅडमागे स्पंजचा काळा चुरा खरोखरच निघाला, तो मऊ ब्रशने, हेडफोन उलटा धरून काढला. धूळरोधक फिल्म शाबूत आहे.

उरलेल्या १ डेसिबलसाठी मी निर्वात यांच्या प्रस्तावाचा नम्रपणे अस्वीकार करतो. २३० ते १०० चा ट्रान्सफॉर्मर वाइंड करायला टाकला आहे, तो येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर बंद राहील. ऐकून झाले की हेडफोन डब्यात, ही सवय आता घरात सर्वांना ठाऊक झाली आहे. सिलिका जेलचे नारिंगी दाणे मात्र हिरवट पडले आहेत. ते टाकून नवे आणावे लागतात का?

मंद्रसप्तक

फरक ऐकताना फोनऐवजी मोनो ध्वनिमुद्रण वापरून पाहा. जुनी ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रणे मोनोच असतात. गाणारा माणूस नाकाच्या रेषेत उभा राहिला की बाजू जुळल्या. १ डेसिबलला तो जरासा उजवीकडे सरकलेला असेल, दोन दिवसांत त्याची सवय होते.

कोकणी ओलावा

टाकू नका. ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की दाणे पुन्हा नारिंगी होतात. माझे तेच दाणे पाचवा पावसाळा काढत आहेत.

खट्याळ खटका

डबा ओव्हनमध्ये ठेवण्याआधी हेडफोन बाहेर काढला आहे ना, एवढे पाहा.